खेळ संपल्यावर काय?

प्रश्न : आम्ही हॅम्बुर्गला राहतो. मुलगी सोळा वर्षांची, चांगली उंच, क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते. तिला क्रीडा वसतिगृहात पाठवा, असं तिचे कोच म्हणतात. तिच्या बाबांचं म्हणणं, तिशीत खेळ संपतो, मग हातात काय राहणार? मुलीच्या खोलीत जर्मन व्हॉलीबॉलपटू मार्गारेटा कोझुखचा फोटो आहे. "तिचं झालं ना सगळं नीट!" एवढंच ती म्हणते. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, बाबांची काळजी रास्त आहे. आणि लेकीनं फोटोही योग्य खेळाडूचा लावलाय. फक्त "सगळं नीट झालं" हे काही खरं नाही.

कोझुख तुमच्याच शहरातली. जन्म १९८६चा, आईवडील मूळचे पोलंडचे. हॅम्बुर्गच्या संघातून ती बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची वरच्या दर्जाची लीग, खेळली, पुढे इटली, रशिया, पोलंडमधल्या क्लबांकडून. जर्मनीसाठी तीनशेहून अधिक सामने. २०११ आणि २०१३ला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक. दुसरा अंतिम सामना तर बर्लिनलाच, घरच्या प्रेक्षकांसमोर. आणि तरीही ऑलिंपिक नाही! २००८, २०१२, २०१६, तिन्ही वेळा जर्मन महिला संघ पात्रच ठरला नाही. सहा जणींचा खेळ आहे हा. एकीनं जिवाचं रान केलं तरी पुरत नाही. मुलीला हे आत्ताच माहीत असू द्या.

मग तिशीत, म्हणजे बाबा म्हणतात नेमक्या त्याच वयात, तिनं हॉलमधलं व्हॉलीबॉल सोडलं आणि वाळूवरचं बीच व्हॉलीबॉल धरलं. जाळीची उंची तीच, २.२४ मीटर. बाकी फार थोडं सारखं. वाळूत पाय रुततो, उडी कमी पडते, वाऱ्यानं बॉल भलतीकडे जातो. हॉलमध्ये बोटांच्या टोकांनी ब्लॉकमागे, म्हणजे जाळीपाशी अडवणाऱ्या हातांमागे, अलगद टाकलेला बॉल चालतो, बीचवर तोच फाउल. कोर्टवर दोघीच, बदली खेळाडू नाही. स्मॅश मारणारीनं सर्व्हिसही उचलायची आणि जोडीदारणीला बॉल लावूनही द्यायचा. इतकी नावाजलेली खेळाडू तिथे पुन्हा शिकाऊ झाली. २०१९ला जोडीदारीण लॉरा लुडविगबरोबर रोममध्ये वर्ल्ड टूर फायनल्स जिंकली. २०२१ला टोकियोत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिला ऑलिंपिक मिळालं. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली.

मला विचाराल तर या कारकिर्दीत पदकांपेक्षा मोलाचं आहे ते तिशीत नव्यानं शिकायला बसणं. म्हणून आबिटूर, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी शाळेची शेवटची परीक्षा, सोडायचं नाही, यावर मी ठाम आहे. वसतिगृहालाही माझा विरोध नाही. जर्मनीत खेळाडूंसाठीच्या काही शाळांमध्ये शेवटची दोन वर्षं तीन वर्षांत पुरी करता येतात. ती सवलत मिळाली तर एक वर्ष गेलं असं अजिबात समजू नका. मुलगी पुढे राष्ट्रीय निवडयादीत आली, तर ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात शिक्षण-नोकरीचं मार्गदर्शन करणारी माणसं असतात, त्यांनाही भेटा.

होकार देण्याआधी वसतिगृह बघून या. गुडघा किंवा खांदा दुखावून वर्षभर बाहेर बसलेल्या मुलीचं तिथे काय होतं, ते विचारा. परीक्षा आणि सामना एकाच आठवड्यात आले तर निर्णय कोण घेतं, हेही. जमलं तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी लेकीला एकटीला बोलू द्या. आणि बाबांना नक्की बरोबर न्या. हे प्रश्न त्यांनीच विचारलेले बरे.