अँग्लो-आयरिश म्हणजे बाप इंग्रज, आई आयरिश?

प्रश्न असा होता : एका इतिहासाच्या पुस्तकात हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीचा उल्लेख 'अँग्लो-आयरिश उमराव' असा आहे. म्हणजे त्याच्या आईवडिलांपैकी एक जण इंग्रज आणि एक आयरिश होता का? आणि उमराव होता तर तो हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, कसा बसला?

पहिल्याचं उत्तर 'नाही'. हा घोळ 'अँग्लो-इंडियन'मुळे होतो. तो शब्द आपल्या कानात इतका बसलाय की 'अँग्लो' दिसलं की आपण मिश्र रक्त गृहीत धरतो. खरं तर 'अँग्लो-इंडियन'चाही हा अर्थ उशिराचा. एकोणिसाव्या शतकात नोकरीसाठी इथे राहिलेल्या अस्सल गोऱ्या साहेबालाही अँग्लो-इंडियनच म्हणत, आणि मिश्र वंशाच्या माणसाला युरेशियन. सरकारी कागदांत अदलाबदल झाली ती १९११च्या सुमारास.

'अँग्लो-आयरिश' हा त्या जुन्या अर्थाच्या जवळचा. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, पण मुळात इंग्लंडहून आलेली, प्रॉटेस्टंट पंथाची जमीनदार घराणी, असा त्याचा रोख. शब्द रक्तापेक्षा धर्म आणि जमीन सांगतो. देशातले बहुसंख्य लोक कॅथलिक, ते कुळं म्हणून राबणार. जमीन, न्यायासनं आणि डब्लिनची पार्लमेंट मात्र या मूठभरांच्या हातात. अठराव्या शतकातल्या बहुतेक काळात कॅथलिकांना मतदानाचाही हक्क नव्हता. त्यामुळे हा माणूस गावकऱ्यांच्या लेखी इंग्रज आणि लंडनच्या दिवाणखान्यात आयरिश. दोन्हीकडून परका.

आपल्या वेलस्लीचंच, म्हणजे रिचर्ड वेलस्लीचं बघा. जन्म १७६०चा. घराण्याचं आडनाव मूळचं कॉली. आजोबांना १७२८मध्ये एका नातेवाइकाकडून मीथ परगण्यातली डँगनची इस्टेट मिळाली, तिच्याबरोबर त्याचं 'वेस्ली' हे आडनावही आलं. थोडक्यात, दत्तक गेल्यासारखंच. पुढे नातवानं 'वेस्ली'चं 'वेलस्ली' केलं, कारण ते जुनं रूप जास्त खानदानी वाटत होतं. वडील संगीतकार होते, 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' हा किताब त्यांना मिळालेला. ते १७८१मध्ये वारले आणि रिचर्ड ऑक्सफर्डचं शिक्षण पदवीविना सोडून एकविसाव्या वर्षी अर्ल झाला, वडिलांच्या कर्जासकट. म्हणून जुन्या कागदांत 'मॉर्निंग्टन' आणि नंतरच्या कागदांत 'वेलस्ली' दिसतो. माणूस एकच.

आता दुसरा प्रश्न, आणि शब्दाच्या दृष्टीनं मजा इथेच आहे. 'आयरिश उमराव' म्हणजे आयर्लंडचा रहिवासी असलेला उमराव नव्हे, तर आयर्लंडच्या यादीतला किताब धारण करणारा. त्या किताबानं डब्लिनच्या उमराव सभेत जागा मिळे, लंडनच्या नाही. आणि लंडनच्या उमराव सभेत जागा नाही म्हणूनच लंडनच्या कॉमन्ससाठी उभं राहायला आडकाठी नाही! त्यामुळे ब्रिटिश सरकारला कुणाला मोठेपणा तर द्यायचाय, पण कॉमन्समधलं त्याचं मतही हवंय, अशा वेळी आयरिश किताब फार सोयीचा पडे. प्लासीवाल्या क्लाइव्हला मिळालेली बॅरनकी आयरिशच होती, आणि तो शेवटपर्यंत कॉमन्समध्येच होता. वेलस्लीही १७८४पासून कॉमन्समध्ये. त्यातही त्याचा शेवटचा मतदारसंघ ओल्ड सेरम. हे गाव नव्हतंच. सॉल्झबरीजवळची एक ओसाड टेकडी, वस्ती शून्य, मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि तेही जागेच्या मालकाच्या शब्दातले. पण त्या टेकडीवरून दोन सभासद निवडून जात. 'सामान्यांचे प्रतिनिधी' या शब्दांचा तिथला अर्थ हा असा.

१७९७मध्ये गव्हर्नर-जनरलपदी नेमणूक झाली तेव्हा त्याला ब्रिटनच्या यादीत बॅरन केलं. बॅरन म्हणजे सगळ्यात खालची पायरी. क्रम वरून ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन असा. मग मे १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि साहेबांना वाटलं आता घसघशीत काहीतरी येणार. आलं ते 'मार्क्विस वेलस्ली', म्हणजे अर्लच्याही वर. पण आयरिश यादीतलं! पंतप्रधान पिटला त्यानं पत्र लिहिलं त्यात हा किताब म्हणजे 'दुहेरी मुलामा दिलेला बटाटा' असल्याचं म्हटलंय. बटाटा हे आयरिश माणसाचं रोजचं खाणं, तेव्हा टोमणा उघड आहे. त्याच पत्रात 'आयरिश किंवा पिंचबेक' अशी जोडी येते : माझ्या कामगिरीत तसं काही नव्हतं, मग बक्षिसात का असावं? पिंचबेक हा तांबं-जस्ताचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू, लंडनच्या एका घड्याळजीच्या नावावरून पडलेला शब्द. मराठीत सांगायचं तर बेन्टेक्स. म्हणजे जन्मानं आयर्लंडचा माणूस 'आयरिश' हे विशेषण 'नकली'च्या पंक्तीला बसवतोय. अँग्लो-आयरिश या शब्दाची एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्या कोशात सापडली नसती.

दुसऱ्या बाजूचं मत बघायचं तर डॅनियल ओ'कॉनेल हा कॅथलिक पुढारी. रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर (असईच्या लढाईतला वेलस्ली तो हा, 'तैनाती फौजे'चा आणि वसईच्या तहाचा वेलस्ली म्हणजे थोरला) पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्याबद्दल ओ'कॉनेलनं १८४३मध्ये म्हटलं की तबेल्यात जन्मला म्हणून कुणी घोडा होत नाही. हे वाक्य खुद्द वेलिंग्टनच्याच तोंडी घालायची पद्धत पडलीय, ती चूक आहे.

थोरल्यावर तर नंतर उलटीच पाळी आली. १८२१मध्ये तो आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजप्रतिनिधी होऊन डब्लिनला गेला. कॅथलिकांना सवलती द्याव्यात या मताचा, म्हणून कडव्या प्रॉटेस्टंटांना तो खुपायला लागला. डिसेंबर १८२२मध्ये नाटकगृहात त्याच्या सज्जाच्या दिशेनं बाटली भिरकावली ती त्यांनीच. म्हणजे शब्दानं ज्यांच्यात गणला जायचा, त्यांनीच.

राहिला 'उमराव'. तो शब्द इथे योग्य आहे, बदलू नये. मूळ अरबी 'उमरा', हे 'अमीर'चं अनेकवचन. आपण त्याला एकवचनी करून टाकलं, जसं 'हाल'चं 'अहवाल' आणि 'वलद'चं 'औलाद' केलं. 'सरदार' मात्र चालणार नाही. सरदाराकडे फौज लागते, आणि या आयरिश अर्लकडे होती ती कुळं आणि कर्जं.

'अँग्लो-आयरिश'ला मराठी प्रतिशब्द पाडायच्या भानगडीत मी पडणार नाही. पण तुमच्या पुस्तकात तळटीप द्यायची झाली तर 'आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज वंशाच्या प्रॉटेस्टंट जमीनदार वर्गातला' एवढं पुरे. 'मिश्रवंशीय' लिहिलं असेल तर खोडा.