डिझायनर होबो बॅग रोज लोकलने ऑफिसला न्यायला सोयीची पडते का? गुच्चीची जॅकी घ्यावी की बोत्तेगाची जोडी?

तुम्ही लिहिलंय की पहिला मोठा बोनस मिळालाय, ठाण्याहून फोर्टला रोज लोकलने जाता, होबो बॅगच (चंद्रकोरीच्या आकाराची, मऊ, खांद्यावर ढिली लोंबणारी) घ्यायची हे पक्कं आहे. आता गुच्चीची 'जॅकी' की बोत्तेगा वेनेताची 'जोडी' (दोन्ही इटालियन कंपन्यांच्या एकेका होबो बॅगेची नावं), आणि ती पावसात टिकेल का, एवढंच ठरायचंय. बॅगेत काय काय नेता ते मात्र लिहिलेलं नाही. माझं घोडं तिथेच अडलंय.

मी डोंबिवली ते सीएसएमटी जाते, २१ वर्षं झाली. माझी रोजची बॅग एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली होती. दोन पुडांचा स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याचं घर, चार्जर, पाकीट, किल्ल्या, गोळ्यांची डबी आणि येताना भाजी घ्यायला घडी करून ठेवलेली कापडी पिशवी. ३ किलो ४०० ग्रॅम. भाजी यात धरलेली नाही. बॅग काट्यावर ठेवायची वेळ का आली, तर ताईला आकडा कळवायचा होता.

ताई न्यू जर्सीत एडिसनला असते. २०१६ च्या डिसेंबरात आली तेव्हा माझ्यासाठी होबो बॅग घेऊन आली. ब्रँड सांगत नाही, मोठा आहे. मधाच्या रंगाचं मऊ लेदर, आत फिकट बदामी अस्तर. टेबलावर ठेवली की दुपारच्या मांजरासारखी पसरायची. देखणी होती, यावर माझं ताईशी आजही भांडण नाही. होबोची सगळी शान त्या ढिलेपणात असते. खोक्यासारख्या ताठ बॅगा कशावरही उपऱ्या वाटतात. ही चंद्रकोरीसारखी काखेत बसते, हँडलूमच्या कुर्त्यावरही शोभते आणि नारायण पेठ साडीवरही. आमच्या डब्यातल्या बायकांनी हात फिरवून बघितली. एकीने तर किंमत विचारली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता हात काढून घेतला.

मग आली २०१७ ची हरितालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. ऑफिसातून निघून दादरला उतरले, फुलबाजारात केवडा, दूर्वा, पत्री, जास्वंदाच्या कळ्या घेतल्या, नारळ घेतले आणि डोंबिवली गाडीत शिरले. त्या दिवशीच्या गर्दीचं वर्णन ठाण्याच्या माणसापुढे काय करायचं! बॅग पुढे पोटाशी धरली होती. घाटकोपरला लोंढा आत आला, कुणाचं तरी कोपर लागलं आणि माझा खांदा एकदम हलका झाला. पट्ट्याचं एक टोक खांद्यावर तसंच, आणि बॅग पायाशी. तिला वर चेन नव्हती, लोहचुंबकाचं एक बटण होतं. ते उघडायला निमित्तच लागत नसे. नारळ गडगडत सीटखाली गेला. तिघींच्या बाकावर कडेला चौथ्या सीटवर टेकलेल्या मावशींनी पाय वर घेतले. दारापासून माझ्यापर्यंत "कुणाचा नारळ? कुणाचा नारळ?" करत तो हातोहात परत आला. केवडा शाबूत राहिला. मला उपास होता, त्यामुळे डबा नव्हता, सहा केळी होती. ती अस्तरात गेली.

घरी येऊन बहिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला, ही माझी चूक. ताईचा लगेच फोन. लागलं का, घरी कशी आलीस, काही नाही. पहिलं वाक्य: "तू त्यात नारळ घातलेस?"

तेव्हापासून आमच्याकडे ती म्हण झाली आहे. मुलाचा लॅपटॉप बंद पडला की नवरा विचारतो, नारळ घातलेस का? भाचीच्या लग्नात हॉलच्या मॅनेजरला सांगण्यात आलं की मावशीला नारळाच्या पिशव्या देऊ नका. ताईचं म्हणणं असं की होबो बॅग वजन न्यायची नसतेच. ती पाऊण रिकामी हवी, म्हणजे तिचा पडता आकार दिसतो. कोंबून भरली की तिची गोणी होते. मी म्हणते, जी रिकामीच न्यायची ती बॅग नव्हे, दागिना. मग तिला दागिना म्हणा आणि लॉकरमध्ये ठेवा.

गंमत बघा. अमेरिकेत कामाच्या शोधात मालगाड्यांना लटकून गावोगाव फिरणारे मजूर असत, त्यांना होबो म्हणत. सगळं बिऱ्हाड एका गाठोड्यात आणि गाठोडं काठीच्या टोकाला. त्या लोंबत्या गाठोड्यावरून या आकाराला नाव पडलं. म्हणजे गाडीला लटकणाऱ्यांच्या गाठोड्याचं नाव लावायचं आणि डोंबिवली फास्टमध्ये नऊ महिने टिकायचं नाही. हे मी ताईला तेव्हाच ऐकवलं होतं. ती म्हणाली, त्यांनीही नारळ घातले नव्हते.

तिने कंपनीला मेल केला, तेवढं श्रेय तिला देते. उत्तर आलं की ही नेहमीच्या वापरातली झीज आहे, बॅग दुरुस्तीला पाठवा, नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. मी ती उचलून आमच्या स्टेशनबाहेर चपला-बॅगा शिवतात त्या काकांकडे नेली. त्यांनी तुटलेलं टोक उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, चामडं मजबूत आहे. शिवण बघा की." टाके इतके बारीक आणि इतके जवळ घातलेले की त्या ओळीत चामड्याची पोस्टाच्या तिकिटासारखी चाळण झालेली. भार आला की तिकीट जसं फाटतं तसं ते फाटलं. आतून जोड नाही, रिबिट नाही. घडी बारीक दिसावी म्हणून कड तासून पातळ केलेली, ती वेगळी. काकांनी आत चामड्याचा तुकडा घालून लांब टाका मारला, दोन रिबिटी ठोकल्या आणि १५० रुपये घेतले. तेच चामडं, तेच वजन, आज आठ वर्षं होऊन गेली. बाजारहाटाला मी तीच नेते. ताई म्हणते, ठिगळ दिसतं. दिसू दे.

म्हणून होबो बघताना लोगो नंतर बघा. आधी पट्टा अंगाला कुठे आणि कसा जोडलाय ते बघा. या आकारात सगळं सामान मधल्या खोलगट भागात जमा होतं आणि सगळा ताण त्या दोन टोकांवर येतो. आमचे अण्णा शाळामास्तर होते, खादीची शबनम जन्मभर वापरली. वह्यांचे गठ्ठे असायचे आत. शबनमचा पट्टा कधी तुटलेला आठवतो का कुणाला? झिजते, विटते, तुटत नाही. कारण तो पट्टा वेगळा जोडलेलाच नसतो. तीच लांब पट्टी खाली येऊन बाजू होते, बूड होते आणि पलीकडून वर जाते. भार पट्टीवर असतो, शिवणीवर नसतो. लाखाच्या बॅगांपुढे खादी भांडारातली पिशवी काय सांगता म्हणाल, तर हो, तेच सांगते आहे.

आता तुमच्या दोन बॅगा. गेल्या वर्षी भाचीबरोबर दोन्ही हातात घेऊन बघितल्या. जॅकी १९६१ सालची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस, तिच्या हातात ती इतकी दिसली की नावच तिचं पडलं. २०२० मध्ये गुच्चीचा तेव्हाचा डिझायनर अलेस्सांद्रो मिकेले याने ती 'जॅकी १९६१' म्हणून पुन्हा आणली. होबोच्या मानाने ती बेताची आटोपशीर आहे, कड नीट दिसते, ऑफिसात मीटिंगला शोभेल. पण वरून फक्त एक पट्टी येऊन पिस्टनसारख्या दिसणाऱ्या धातूच्या कडीत अडकते, त्यामुळे बाजूने हात शिरायला वाव राहतो. दादर स्टेशनच्या पुलावर मला ते चालणार नाही. पट्टाही वेगळा, कड्यांनी अडकवलेला. तुटेलच असं नाही. पण मी एकदा पोळलेली आहे.

जोडी हे नाव ऐकून आमचे हे म्हणाले, त्या किमतीत निदान दोन तरी द्यायला हव्यात. बोत्तेगा वेनेता ही १९६६ मध्ये इटलीतल्या विचेंझात सुरू झालेली कंपनी. लेदरच्या पट्ट्या एकमेकींत विणायच्या हे त्यांचं काम, त्याला 'इंत्रेचातो' म्हणतात. पातळ, मऊ लेदर विणलं की मऊही राहतं आणि दमदारही होतं, खाटेच्या नवारीसारखं. बाहेर लोगो नाही, हे मला आवडतं. आणि मुख्य म्हणजे अंगाचंच विणकाम वर चढत जाऊन पट्टा होतं, वर एक गाठ. म्हणजे शबनमचीच अक्कल. चेनही आहे. शिवणीच्या हिशेबाने माझं मत जोडीला. पण तिचं तोंड अरुंद, आडवा डबा जात नाही. मिनी नावाचं छोटं माप तर हातातच धरायचं, आणि लोकलमध्ये एक हात कडीला हवा. घ्यायची तर मोठ्या मापाची, आणि तिची किंमत विचारताना खुर्चीत बसा.

दोघींतही कप्प्यांची बोंब. होबोत किल्ली शोधणं म्हणजे विहिरीत घागर शोधणं. फेल्टचा ऑर्गनायझर घालून बघितला, सामान लागतं खरं, पण बॅग खोक्यासारखी उभी राहते. मग होबो घेतली कशाला?

ताईच्या घरी गेले होते तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तिची बॅग तिच्या खांद्यावर नसतेच. घरातून गाडीत, शेजारच्या सीटवर. गाडीतून ऑफिसात, टेबलावर. दिवसभरात फार तर दहा मिनिटं खांद्याला लागते. तिला शिवणीचं काय होय! या बॅगा शेजारची सीट रिकामी असणाऱ्या बायकांसाठी केलेल्या आहेत, आणि आपल्याला चौथी सीट मिळाली तरी नशीब. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, विषय नारळाचा होता.

पावसाचं विचारलंत. मऊ लेदरवर पाण्याचे थेंब तसेच वाळले की डाग राहतात, स्वेड (मखमलीसारखी लव असलेलं लेदर) तर विसराच. पण पावसापेक्षा कपाट वाईट. जून ते सप्टेंबर बॅग प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवलीत की पांढरी बुरशी आलीच समजा. सुती कापडात ठेवा, आत जुना परकर कोंबा म्हणजे आकार राहतो, आठवड्याला एकदा हवेवर काढा. चार महिने नायलॉनची वापरा. इटलीच्या प्राडा कंपनीच्या मियुच्चा प्राडाने १९८४ मध्ये नायलॉनची सॅक काढली आणि साधं नायलॉन लेदरच्या पंगतीला बसवलं, तेव्हा नायलॉनला नाक मुरडायचं कारण नाही. (याच प्राडा कंपनीने २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, ओरड झाल्यावर मूळ कबूल केलं. ते भांडण वेगळं, त्यात ताई माझ्या बाजूने आहे.)

दुकानात जाताना डबा, बाटली, छत्री घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बॅगेत घालून बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. तोंड वाकडं करतील तर करू द्यात. आणि नुसतं चांगलं लेदर हवं असेल तर पुदुचेरीच्या हायडिझाइनकडे जा. १९७८ पासून तेच करतायत, बोनसमधून सोन्याचं नाणंही होईल.

आता थोडं पदरचं. खांदा दुखतो तो होबोमुळेच असं नाही, एकाच खांद्यावर साडेतीन किलो कशातही नेले तरी दुखणार. तुम्ही डबा कँटीनमध्ये खात असाल, भाजी ऑनलाइन मागवत असाल, तर माझं वरचं सगळं सोडून द्या आणि जोडी घ्या, खुशाल मिरवा. माझ्या बॅगेची शिवण वाईट होती म्हणून सगळ्यांची असेल असंही नाही. आणि त्या दिवशी आत नारळ चार होते. दोन आमचे, दोन शेजारच्या काकूंचे. ताईला दोनच माहीत आहेत.

रंग कुठलाही घ्या, अस्तर गडद बघा. केळ्याचा डाग जात नाही.