प्राणायामाला बसले की मलाच का गुदमरते?

"प्राणायामाने मन शांत होते असे सगळेच सांगतात, मग मी डोळे मिटून बसले की मलाच गुदमरल्यासारखे का होते?" हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण थोड्याफार फरकाने विचारतात. त्याचे उत्तर मला स्वतःला एका ताईंमुळे नीट उमगले, म्हणून त्यांचीच हकिगत सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या, पतपेढीत रोखपाल. तक्रार एकच होती : श्वास पुरता आत जात नाही, छाती भरल्यासारखी वाटत नाही, त्यामुळे दर दोन-चार मिनिटांनी मोठा श्वास ओढून उसासा टाकावा लागतो. छातीचा एक्स-रे, ईसीजी, फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड अशा सगळ्या तपासण्या डॉक्टरांनी केल्या होत्या आणि कशातच दोष निघाला नव्हता. हे आधी नमूद करते, कारण दमा, रक्तक्षय किंवा हृदयविकार नाही याची खात्री झाल्याखेरीज कोणाही समुपदेशकाने "हे मनाचे आहे" असे म्हणू नये.

बोलता बोलता त्यांनी पर्समधून ऑक्सिमीटर काढला, तर्जनीला लावला, ९८ हा आकडा पाहिला आणि तो परत ठेवून दिला. पाऊण तासात हे तीनदा झाले. मी विचारल्यावर त्या जरा थांबल्या आणि मग सांगू लागल्या की २०२१ च्या एप्रिलमध्ये वडिलांना कोविड झाला, खाट मिळेपर्यंत दोन दिवस त्यांना घरीच ठेवावे लागले आणि ते दोन दिवस ताई त्यांच्या बोटावरचा आकडा उतरताना पाहत बसल्या होत्या. वडील परत आले नाहीत. पर्समधले यंत्र तेच होते.

दम लागतो म्हणून त्यांनी व्हिडिओ पाहून कपालभाती आणि भस्त्रिका सुरू केली होती, तीही जितकी जोरात तितकी गुणकारी या समजुतीने. पाच मिनिटांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येत, डोके हलके होई, छाती धडधडू लागे. मग ऑक्सिजन कमी पडतो आहे असे वाटून त्या आणखी जोराने श्वास घेत. प्रत्यक्षात ऑक्सिजन भरपूर असे. भराभर आणि खोल श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चक्कर व मुंग्या येतात त्या यामुळे. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथात कपालभातीची गणना प्राणायामात केलेलीच नाही, ती षट्कर्मांपैकी एक शुद्धिक्रिया आहे; आणि त्याच ग्रंथात असेही बजावले आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच प्राणही हळूहळू वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो. व्हिडिओत हा भाग सहसा येत नाही.

पण चूक केवळ व्हिडिओची नव्हती. पहिल्या भेटीत मीही त्यांना नेहमीच्या सवयीने "डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या" असे सांगितले. अर्ध्या मिनिटात त्यांचे खांदे कानांकडे चढू लागले, पदराचे टोक मुठीत आवळले गेले आणि "मॅडम, नको" म्हणत त्यांनी डोळे उघडले. चार वर्षे जी बाई श्वासावर पहारा देत आली, तिला मी आणखी एक पहारा नेमून दिला होता.

पुढच्या वेळी आम्ही श्वास घेण्याबद्दल बोलायचेच नाही असे ठरवले. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. ताईंची छातीही उसाशांमुळे आधीच फुगलेली असे आणि नवा श्वास अपुरा वाटण्याचे एक कारण तेच होते. म्हणून फक्त सोडण्याकडे पाहायचे, आत येणारा श्वास आपला आपण येईल. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना वाढतात, हे शरीराचे सहज चालणारे काम आहे. सोडणे लांबले की मंदावण्याला जास्त अवधी मिळतो.

सुरुवात मकरासनाने केली. पालथे झोपल्यावर पोट जमिनीवर टेकते, छातीला फारसे उचलता येत नाही आणि श्वास आपसूक पोटाकडे उतरतो. त्यानंतर बसून भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखे गुणगुणणे, पण कान न दाबता, डोळे उघडे ठेवून, पाच-सहा आवर्तनेच. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, अजिबात नाही. गुणगुणण्याचा फायदा असा की लक्ष नादाकडे जाते आणि श्वास सोडणे नकळत लांबते.

मग ताईंनीच विचारले, "रामरक्षा म्हटली तर चालेल का? बाबा रोज संध्याकाळी म्हणायचे." मला ती कल्पना माझ्या भ्रामरीपेक्षा सरस वाटली. रामरक्षा मुख्यतः ज्या अनुष्टुभ छंदात आहे, त्याच्या एका ओळीत सोळा अक्षरे असतात. एक ओळ सावकाश, मोठ्याने, एका श्वासात म्हटली की मिनिटाला अठरा-वीसवर असलेला श्वास सात-आठवर येतो, आणि तोही न मोजता. म्हणणाऱ्याची श्रद्धा किती, हा प्रश्न येथे गौण आहे. मनाचे श्लोक किंवा हरिपाठही तसाच चालेल. फक्त ताईंना वडिलांचा आवाज आठवून पहिले काही दिवस पाचव्या-सहाव्या श्लोकाला रडू येई, आणि ते रडणे थांबवू नका एवढेच मी सांगितले. चार वर्षांत त्या बाबांसाठी मोकळेपणाने रडल्या नव्हत्या. त्या काळात आमच्या भेटींमधला बराच वेळ श्वासावर नव्हे, तर त्या दोन दिवसांवर आणि "मी आधी हलवायला हवे होते का" या प्रश्नावर गेला.

ऑक्सिमीटर एकदम बंद करायला मी सांगितले नाही. दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळीच पाहायचा आणि दम लागल्यासारखे वाटले तर आधी दहा ओळी म्हणायच्या, मग हवे तर पाहायचा, असे ठरले. दहा ओळींनंतर तो पाहण्याची गरज बहुधा उरत नसे.

तीन महिन्यांनी उसासे दिवसातून दोन-तीनवर आले, महिनाअखेरीस रोकड जुळत नसली की थोडे जास्त. शेवटच्या भेटीत मी यंत्राबद्दल विचारले, तेव्हा त्या हसल्या. टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून मुलाने त्यातल्या बॅटऱ्या काढून घेतल्या होत्या, आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात आठवड्याने आली होती.