बास्केटबॉलचा नियम शब्दशः लावावा की हेतू पाहून?

पंच परीक्षेची तयारी करताना नियमपुस्तक वाचून झाले, तरी एखादे वाक्य शब्दशः लावायचे की त्यामागचा हेतू पाहायचा हे मैदानावर उमगत नाही, असे आपण विचारले आहे आणि उदाहरण तीन सेकंदांच्या नियमाचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखालच्या आखलेल्या प्रतिबंधित क्षेत्रात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये या नियमाचे, दिले आहे. मुंबईतल्या शालेय व क्लब सामन्यांत पंच म्हणून काम करताना माझे मत असे झाले आहे की, हेतूकडे वळण्याआधी शब्द पूर्ण वाचावेत, कारण बहुतेक शंकांचे उत्तर त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या कलमात असते.

नागपाडा असो वा माटुंगा, एखादा उंच खेळाडू रिंगखाली शॉट मारतो, तो हुकतो, तोच रिबाउंड (हुकून परतलेला बॉल) घेऊन पुन्हा मारतो, आणि प्रेक्षकांतून ‘थ्री सेकंद’ अशी ओरड सुरू होते. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे मात्र उल्लंघनासाठी त्याच्या संघाचा फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, बॉलवर ताबा असावा लागतो आणि घड्याळ चालू असावे लागते. शॉटसाठी बॉल हातातून सुटताच संघाचा ताबा संपतो, हे तीन सेकंदांच्या नव्हे, तर ताब्याच्या कलमात लिहिले आहे. म्हणून मोजणी तिथेच संपते आणि रिबाउंड हाती आल्यावर नव्याने सुरू होते.

‘मी बाहेर आलो होतो’ हा दावाही नेहमीचा. बाहेर म्हणजे दोन्ही पाय प्रतिबंधित क्षेत्राबाहेर जमिनीवर टेकलेले; टाच रेषेवर असेल तर खेळाडू आतच आहे. इथे रेषा क्षेत्रात धरली जाते, पण साइडलाइन मैदानात धरली जात नाही, मध्यरेषा बॅककोर्टची (संघाच्या स्वतःच्या अर्ध्या मैदानाची) असते, आणि थ्री-पॉइंट रेषेवर पाय ठेवून मारलेल्या बास्केटचे दोनच गुण मिळतात. पट्टे सारखेच, 5 सेंटिमीटर रुंदीचे. त्यांचा अर्थ तर्काने न काढता पाठच करावा.

हेतूला जागा कुठे आहे, तेही पुस्तकच सांगते. क्षेत्रातून निघण्याच्या प्रयत्नात असलेल्या खेळाडूला सवलत द्यावी, असे तीन सेकंदांच्याच कलमात आहे. शारीरिक स्पर्शाबाबत तर नियमांचा आशय आणि फायदा-तोटा तोलण्याची जबाबदारी पंचावर स्पष्टपणे टाकली आहे. ड्रिबल करणाऱ्याच्या (बॉल जमिनीवर आपटत नेणाऱ्याच्या) मनगटाला बचावपटूचा हात निसटता लागला आणि ड्रिबल करणारा तरीही मोकळा पुढे गेला, तर शिट्टी वाजवणे म्हणजे त्याचाच डाव मोडणे होय. त्याच स्पर्शाने बॉल सुटला, तर तो फाउल आहे. पण ‘फायदा झाला नाही’ म्हणून साइडलाइनवर पडलेले पाऊल सोडून देणारे पंच मला मुळीच पटत नाहीत, कारण तिथे तोलण्यासारखे काही नसते.

नियमपुस्तकासोबत फिबा प्रसिद्ध करत असलेली अधिकृत अर्थनिर्णयांची पुस्तिका जरूर वाचा. तिच्यात प्रसंग देऊन निर्णय दिलेले असतात. ज्या प्रसंगाचा उल्लेख नियमांत कुठेच नाही, तिथे निर्णयाचा अधिकार मुख्य पंचाचा असतो, तेव्हा अशा वेळी आधी सहकाऱ्याशी बोला आणि मगच खूण करा.