घेरा यशवंतगड मधला 'घेरा' म्हणजे वेढा नव्हे

प्रश्न असा होता की राजापूर तालुक्याच्या किनाऱ्याचा जुना नकाशा बघताना नाटे गावाजवळ 'घेरा यशवंतगड' असं नाव दिसलं, तर तिथे कधी वेढा पडला होता का, आणि इंग्रजांच्या नकाशातलं 'घेरिया' ते हेच का?

दोन्हीचं उत्तर माझ्या मते नाही, पण शब्द फार सुंदर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शत्रूने किल्ल्याभोवती फौज बसवली की त्याला आपण वेढा म्हणतो, घेरा घातला असंही बोलतो, पण गावाच्या नावातला घेरा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचा, त्याला चिकटलेला मुलूख. घाघऱ्याचा घेर असतो ना, तसा गडाचा घेर. त्या जमिनीत राहणारी माणसं गडाच्या चाकरीची, पहारा द्यायची, डोंगराच्या अंगावरच्या चौक्यांना मेट म्हणायचे आणि घेऱ्यातल्या माणसांना घेरेकरी. गड ओस पडले, चाकरी संपली, पण महसुलाच्या कागदात गावाचं नाव तेच राहिलं आणि आजही सातबाऱ्यावर मौजे घेरा अमुकतमुक असं येतं. खेड तालुक्यात घेरा रसाळगड, घेरा सुमारगड, घेरा पालगड आहेत, रोह्याकडे घेरा सुरगड, देशावर घेरा सिंहगड आणि घेरा पुरंदर. एवढी सगळी एका ओळीत ठेवली की युद्धाचा संबंध आपोआप गळून पडतो.

यशवंतगड जैतापूरच्या खाडीवर आहे, खाडीतून आत राजापूरकडे जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला ही जागा मोक्याची, त्यामुळे अशा गडाला स्वतःचा घेरा असणं साहजिकच आहे.

आता घेरिया. ते विजयदुर्गाचं नाव, देवगड तालुक्यातलं, वाघोटणच्या खाडीच्या तोंडावरचं. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, त्या मोहिमेच्या इंग्रजी कागदांत सगळीकडे घेरियाच आहे. शेजारच्या गिर्ये गावावरून ते आलं असं मानतात आणि मलाही तेच पटतं, कारण इंग्रजीत जी च्या पुढे ई किंवा आय आला की वाचणारा पटकन ज म्हणेल, ते टाळायला मध्ये एच घातला असावा आणि मग आपण मराठीत परत आणताना त्याचा घ केला. हा माझा अंदाज, पण स्पेलिंगवरून मराठी उच्चार काढताना अशी फसगत नेहमी होते. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाचं इंग्रजांनी असंच सेव्हर्नड्रूग केलं होतं, आणि त्याच नावाचा १७८४ सालचा मनोरा लंडनमध्ये अजून उभा आहे, किल्ला जिंकणाऱ्या कमोडोर जेम्सच्या आठवणीत बांधलेला!

तुम्ही नकाशा लावून शोध घेताय तर एक करा, एक इंच म्हणजे एक मैल या मापाचं सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं नकाशाचं शीट आणि भूमी अभिलेख खात्यातला गावनकाशा शेजारी ठेवा आणि घेरा यशवंतगडची शीव कुठून कुठे जाते ते बघा, मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शेतांची आणि वाड्यांची नावं विचारा. एखाद्या तुकड्याला अजून मेट म्हणत असतील तर मला नक्की कळवा. आणि हो, यशवंतगड रेडीलाही आहे, तो वेगळा, पार खाली वेंगुर्ल्याकडे, म्हणून कागदावर आधी तालुका बघायचा.