चि. थोरलीस

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पोटात कालवलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ‘माझंच चुकलं’ जिथे जिथे आलंय तिथे रेघ मारली. चार पानांत सात रेघा झाल्या.

चुकलं काय, तर शाळेत न जाता घरूनच देतेस त्या मुक्त विद्यालयाच्या बारावीचे गृहपाठ मुदतीत गेले नाहीत आणि त्यांचे 20 टक्के गुण हातचे गेले. कारण म्हणून लिहितेस, ‘नियोजन जमलं नाही.’ अगं, पुढच्याच पानावर त्या पंधरवड्याचं वर्णन तूच केलंयस! दोन नंबरच्याला आणि शेंडेफळाला कांजिण्या, आई त्यांच्या उशाशी, सात माणसांच्या पोळ्या तुझ्याकडे. मधल्याचा भागाकार तुझ्याकडे, चार नंबरच्या बहिणीची जोडाक्षरं तुझ्याकडे. रात्री साडेदहाला रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलंस आणि त्यावरच डोकं टेकून झोपलीस. यात नियोजन कुठे बसवणार होतीस, पोळपाटाखाली?

तुला नियोजन नको आहे. तुला कडी हवी आहे. दाराला, आतून. रोज दुपारी दोन वाजता दार लावायचं, कडी घालायची आणि चार वाजेपर्यंत काढायची नाही. एवढं केलंस तर या पत्रातलं पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

पण तू वाचशील. थोरल्या मुली सांगितलेलं सगळं करतात, तेच तर दुखणं आहे.

‘घरी शिकलो नसतो तर बरं झालं असतं का?’ हे मला विचारू नकोस. मी पक्षपाती आहे. 2003 साली मी चारही पोरं घरी बसवली, आणि ते दिवस आजही मला कुणी परत दिले तर मी घेईन. बालभारतीचं एकच पुस्तक चौघांना पुरायचं. शेवटच्याच्या हाती पडेपर्यंत प्रत्येक स्वाध्यायाची उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली असत, आणि तिघांची तीन वेगळी. कोणतं बरोबर हे शोधणं हाच त्याचा अभ्यास झाला. आठवडे बाजारात पावकी, निमकी, दिडकीचे पाढे तोंडावर ठेवून भाजीवालीशी हिशेब करायची पोरं. ‘कितवीत आहेस?’ या प्रश्नाला काय सांगायचं ते आम्ही घरात ठरवून दिलं होतं, तरी धाकट्याने एकदा पोस्टमनला सांगितलं, ‘मी कधीकधी तिसरीत असतो.’ शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा पास फुकट, आमच्याकडे बोनाफाईड नाही म्हणून पूर्ण तिकीट. (आता अर्धं झालंय, 2023 पासून, सगळ्याच बायकांना. माझ्या मुलींना उपयोग नाही झाला, मला होतो.) तुमच्याकडेही हेच चालत असणार. तेव्हा त्या जगण्याची निंदा माझ्याकडून होणार नाही.

मात्र त्या जगण्यात एक खोट आहे, आणि आम्ही आया ती कुणाला सांगत नाही. घरात चार-पाच पोरं आणि शिकवणारी एक बाई असली की आपोआप दुसरी बाई तयार होते. तीच थोरली. माझी अकरा वर्षांची होती. ती धाकट्यांना पाढे म्हणून घ्यायची, शुद्धलेखन तपासायची. लाल पेन होतं तिच्याकडे! येणारे-जाणारे कौतुक करायचे, ‘छोट्या बाई’ म्हणायचे, आणि मी चहा ओतता ओतता सांगायची, ‘दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं.’ तुझ्या आईचं हेच वाक्य तू पत्रात लिहिलंयस. वाचलं तेव्हा वाटलं, माझंच कुणीतरी चोरलंय.

पक्कं होतं, खरं आहे. तिसरीचं पक्कं होतं. थोरलीचं सातवीचं तिथेच राहतं. तिच्या गणिताच्या पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट असायचं. ते दिवाळीत ज्या पानावर होतं, त्याच पानावर होळीला होतं. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पुस्तक मिटून फडताळात ठेवलं, कारण पाहुणे यायचे होते.

आता तू म्हणशील, मावशी, मग तुम्ही काही केलं का नाही? काय करणार होते? यांची तिन्ही पाळ्यांची नोकरी, मी शिलाईची कामं घेत होते, माहेर-सासर दोन्ही लांब. गावातल्या शाळेतून मुलं काढली तीही हौसेने नाही. एक मास्तर चार वर्ग सांभाळायचे आणि माझ्या दोन नंबरला बाकावर उभं करून विसरून गेले होते, सुट्टी होईपर्यंत. मग मी घरी आणलं आणि तेच केलं. चार वर्ग, एक बाई. फरक एवढाच, की मी विसरले ती बाकावर उभी नव्हती, ती शिकवत होती, म्हणून दिसली नाही. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहायला घेतलं होतं. असो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम तू ऐकलं असशील. 1945 साली बोर्डीला, नंतर 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. त्या दोघींनी मुलांना उपदेश केला नाही आणि आईबापांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्यालाच विकासवाडी म्हणतात. कडेवरचं उतरवून घेतलं, मग थोरलीच्या हातात पाटी दिली. क्रम बघ. आपण शिकलेसवरलेले लोक, आपल्या घरात पुस्तकांची कपाटं, आणि आपण थोरलीच्या हातात पाटी देतो आणि कडेवरचं तसंच ठेवतो.

म्हणून कडी. तुझ्या घरात विकासवाडी निघणार नाही. कडी बसेल.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. ‘धाकटी रडेल.’ रडेल. दोन दिवस दार बडवेल, तिसऱ्या दिवशी दुसरं कुणी धरेल. ‘आमटी करपेल.’ करपू दे, सात जणांनी एकदा करपलेली आमटी खाल्ली की त्यातला एकजण गॅसपाशी उभा राहायला शिकतो. ‘भाऊ लहान आहे.’ बारा वर्षांचा आहे! तू बारा वर्षांची असताना कणीक मळत होतीस, हे तूच लिहिलंयस, आणि तेही कौतुकाने. ‘आईला वाईट वाटेल.’ हो, वाटेल. मलाही वाटलं असतं. वाटू दे.

आणि बाबा विनोबांचा दाखला देतात ना, त्यांना सांग, विनोबांनी प्रमाणपत्रं जाळली हे खरं, पण जाळायला ती आधी हातात होती. तुझी अजून यायची आहेत.

मुदतीचंही एक सांगते, कारण तू घाबरली आहेस. मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी असतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते. तेव्हा आकाश कोसळलेलं नाही. पण ‘पाच वर्षं आहेत की’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर उठून खोलीत जा आणि कडी लाव. आमच्याकडे ‘काय घाई आहे’ म्हणता म्हणता थोरलीची दहावी सोळा पुरी झाल्यावर 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून बसायचा, फॉर्म भरून झाली. भौतिक-रसायनची प्रात्यक्षिकं घरी होत नाहीत, अभ्यासकेंद्रावर जावं लागेल. त्या दिवशी पोळ्या कोण करेल हे तू ठरवायचं नाहीस. कुणालाच विचारायचं नाही, डबा घ्यायचा आणि निघायचं.

माझी थोरली आता नागपूरला असते, बँकेत आहे. मला तिने कधी बोल लावला नाही. एकदा मीच खोदून विचारलं तर म्हणाली, ‘मला वाचता येत होतं गं. पुस्तक संपवता येत नव्हतं.’ आणि भाजी निवडायला लागली. माझ्याकडे आली की अजूनही ती बसत नाही.

हे पत्र मी परवा संपवलं होतं, पाकिटही चिकटवलं होतं. आज उघडलं. कडी, कडी म्हणून तुझं डोकं उठवते आहे आणि खरी गोष्ट लिहिलीच नाही, ते बरं दिसत नाही.

आमच्या माळ्यावरच्या खोलीला आतून कडी होती. थोरली बारा वर्षांची असताना दुपारी तिथे जाऊन बसायला लागली, दार लावून, पुस्तक घेऊन. खाली धाकटा रडायचा, मशीनवर ब्लाऊज अर्धवट असायचा. चार-पाच दिवस मी हाका मारल्या. मग एके दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर गेले आणि कडी काढून आणली. ती पलंगावर बसून बघत होती. काही बोलली नाही. पुस्तक मिटून माझ्या मागोमाग खाली आली आणि धाकट्याला उचललं.

पुढे ती वसतिगृहात गेल्यावर मी त्याच दाराला दुसऱ्या मुलीसाठी नवी कडी बसवली. दिवाळीत आली तेव्हा थोरलीने ती बोटाने सरकवून पाहिली. ‘नवीन बसवलीस?’ एवढंच.

जुनी कडी शिलाईच्या डब्यात होती इतकी वर्षं. ती सोबत पाठवते आहे, चिंधीत गुंडाळून, स्क्रूंसकट. वरच्या अंगाला बसव, म्हणजे शेंडेफळ आत जाऊन स्वतःला कोंडून घेणार नाही. एका स्क्रूची खाच मीच ओढाताणीत झिजवली आहे, तेवढा नवा घे.

तुझी,
मावशी