‘स्थलांतरित’ पक्षी की ‘स्थलांतरी’?

प्रश्न असा आहे : पक्षी बघताना एकाने ‘स्थलांतरित पक्षी’ म्हटलं, तेव्हा सोबतच्या जाणकारांनी दुरुस्ती केली. ‘स्थलांतरित’ म्हणजे दुसऱ्याने हलवलेला. आपणहून ये-जा करतो तो ‘स्थलांतरी’. यात बरोबर काय?

माझा कल ‘स्थलांतरी’कडेच आहे, पण दिलेलं कारण मला पटत नाही. ‘मुद्रित’, ‘विस्थापित’ या शब्दांत करणारा दुसरा कुणी असतो, आणि ‘कार्यालय स्थलांतरित केले’ हे आपण रोज वाचतो, म्हणून तसं वाटतं. पण ‘पुष्पित’, ‘अंकुरित’ बघा. झाडाला फुलं कुणी आणून लावत नाही. नामाला लागणाऱ्या या ‘इत’साठी पाणिनीचं वेगळं सूत्रच आहे : ‘तदस्य सञ्जातं तारकादिभ्य इतच्’ (५.२.३६). ज्याच्या ठायी ती गोष्ट उपजली आहे, तो. त्या चालीवर ज्याचं स्थलांतर घडलं आहे तो स्थलांतरित. तेव्हा या शब्दाला चूक म्हणू नये.

फरक आहे तो दुसरीकडे. ‘इत’ घडून गेलेली गोष्ट सांगतो, ‘ई’ स्वभाव सांगते. खुद्द ‘पक्षी’ हा शब्द तसाच झाला आहे : पक्ष म्हणजे पंख, ते ज्याला आहेत तो. पंख मिटून बसला तरी पक्षीच.

जानेवारीत भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर एका सकाळी दोन धोबी पक्षी हाताच्या अंतरावर दिसले. दोघांचीही शेपटी वरखाली, दगडावर कपडे धोपटावेत तशी. एकाचं डोकं काळं, त्यावर ठसठशीत पांढरी भुवई. हा वर्षभर आपल्याकडेच असतो, पाण्याकाठच्या कपारीत घरटं करतो. दुसरा राखाडी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा, थंडीपुरता उत्तरेकडून आलेला. त्या सकाळी त्याला ‘स्थलांतरित’ म्हटलं तर बिघडत नाही. पण तोच उन्हाळ्यात आपल्या विणीच्या प्रदेशात पिलांना भरवत असेल, तेव्हाही त्याच्या जातीची ओळख सांगायला ‘स्थलांतरी’ हाच शब्द पुरा पडतो. नोंदवहीत आपण जातीचा स्वभाव लिहीत असतो, म्हणून मी तिथे तोच लिहितो.

काळ्या डोक्याच्या धोब्याला पुस्तकात ‘निवासी’ म्हणतात. आमच्या नावाड्याने मात्र सहज सांगितलं, “ह्यो बारमाही.” नदीला, विहिरीला लावतो तो शब्द पक्ष्याला इतका चपखल बसेल असं मला कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून तो मी मनापासून वापरतो.

‘पाहुणे पक्षी’ हा शब्द गोड आहे, पण सरसकट वापरू नये. चातक पावसाबरोबर येतो, त्यांतले पुष्कळ आफ्रिकेतून. पण त्याची अंडी इथेच, सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात. ज्याचा जन्मच इथला, त्याला पाहुणा कसं म्हणायचं? भोरडीचं, म्हणजे गुलाबी मैनेचं, उलट. तिची वीण मध्य आशियाकडची, पण ती जुलै-ऑगस्टपासूनच यायला लागते आणि थेट वसंतापर्यंत राहते. वर्षातला जास्त काळ आपल्याकडे काढणारी ही पाहुणी ज्वारीच्या कणसांवर उतरते, आणि शेतकरी मचाणावरून गोफण फिरवतो.